विटेकर बाईंचं मराठी

चर्चच्या दाराला आतून कडी लावतात, हे मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं.

कडी लावली हॉवर्डनं. लावून झाल्यावर त्यानं दार एकदा ओढून बघितलं आणि माझ्याकडे वळून हसला.

"तुझ्यासाठी नाही ती," तो म्हणाला.

"मग कुणासाठी?"

"बाहेर काही लोक आलेत. हल्ली दर रविवारी येतात. आत गाणं सुरू झालं की थोडा वेळ थांबतात आणि जातात."

दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या काचा होत्या. मी काचेतून पाहिलं. पायरीवर तिघं उभी होती. काळ्या सुटातले दोन कॉलेजचे विद्यार्थी, एक गोरा आणि एक काळा, आणि त्यांच्यामध्ये निळी हॅट घातलेल्या, पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई. त्यांना ओळखायला मला क्षणभर वेळ लागला, कारण मी त्यांना कायम युनिफॉर्ममध्ये आणि रबरी बुटांत पाहिलं होतं.

"त्या मिसेस पोल्क आहेत," मी म्हणाले. "माझ्या वॉर्डात काम करतात."

"असतील."

"माझं भाषण ऐकायला आल्या असतील. मी शुक्रवारी त्यांना सांगितलं होतं."

हॉवर्डचा चेहरा जराही वाईट नव्हता. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "त्यांना ऐकायचं असेल तर त्यांची स्वतःची चर्चं आहेत. तिथं जाऊन बोल की कधीतरी. आमची काही हरकत नाही."

एवढ्यात काठी टेकत विटेकर बाई आल्या. त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हॉवर्डला न कळणाऱ्या भाषेत म्हणाल्या, "आत चल पोरी. तुजं बोलणं हुंदे, मग बगू."

"बाई, त्या माझ्या वॉर्डातल्या आहेत."

"दिसतंय मला. चल."

हे अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं, १९६४ सालचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मिरजेहून नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी तिथं गेले होते. मला पाठवण्यामागे विटेकर बाई होत्या. त्यांचं खरं नाव ॲग्नेस व्हिटेकर. पण जत तालुक्यात तीसेक वर्षं काढल्यावर व्हिटेकरचं विटेकर झालं, आणि आमच्या खैरवाडीतल्या म्हाताऱ्यांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की बाई कुठल्यातरी विट्याच्या आहेत. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. पाणवठ्यावर आणि दवाखान्याच्या रांगेत शिकल्या होत्या, त्यामुळे गोरीपान, निळ्या डोळ्यांची ती बाई बोलायला लागली की जतकडची शेतकरीण बोलतेय असं वाटायचं. माझे वडील दोरखंड वळायचे. आई गेल्यावर बाईंनी मला सांगलीच्या बोर्डिंगात घातलं, तिथून मिरजेला नर्सिंगला. निवृत्त होऊन त्या आपल्या गावी परतल्या, भाच्याकडे राहू लागल्या, आणि दोन वर्षांत त्यांच्या चर्चनं माझ्या शिक्षणाचा भार उचलला. हॉवर्ड तो भाचा. पन्नाशीला आलेला, लाकडाच्या वखारीचा मालक. बाई त्याला अरेतुरे करत, म्हणून मीही मनात त्याला एकेरीच म्हणायची.

हॉस्पिटलात काळ्या रुग्णांचा वॉर्ड तळमजल्यावर होता आणि गोऱ्यांचे वर. मला कुठं ठेवायचं यावर मेट्रननं बराच विचार केला असावा. शेवटी सकाळी वर आणि दुपारी खाली, असं ठरलं. खाली मिसेस पोल्क होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, रुंद हातांच्या, फार न बोलणाऱ्या. वरच्या नर्सेस त्यांना 'अर्नेस्टीन' म्हणून हाक मारायच्या. मला ते जमेना. आपल्याहून मोठ्या बाईला नुसत्या नावानं कसं बोलवायचं? मी मिसेस पोल्क म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

शहरात तेव्हा काहीतरी सतत उकळत होतं. कुठल्या हॉटेलात विद्यार्थी जाऊन बसले, कुठं पोलिसांनी त्यांना फरपटत नेलं, कुठल्या दुकानावर बहिष्कार पडला, याची कुजबूज वॉर्डात चालायची आणि मी जवळ गेले की थांबायची. मी कुठल्या बाजूची, हे त्यांना कळत नव्हतं. साडीमुळे मी कुठल्याच बाजूची नव्हते. ज्या उपाहारगृहात मिसेस पोल्कना पाणी मिळत नव्हतं, तिथं मला खुर्ची ओढून द्यायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे हत्ती असतात ना?"

तर त्या रविवारी मी भाषणासाठी बाईंबरोबर वर, वेदीपाशी जाऊन बसले.

कार्यक्रम हॉवर्डनं ठरवला होता. मला इंग्रजी येत असलं तरी मी मराठीत बोलायचं आणि बाईंनी वाक्यावाक्याला भाषांतर करायचं. म्हणजे मिशनच्या मुलखातली भाषा लोकांच्या कानावर पडेल आणि मावशीनं तिथं काय कमावलं तेही दिसेल. काय बोलायचं ते बाईंनी आणि मी आदल्या दिवशी बसून ठरवलं होतं. दवाखान्यातल्या खाटा, बोर्डिंगातल्या मुली, आभार.

चर्च भरलेलं होतं. बायकांच्या हातांत कागदी पंखे हलत होते. पाळकांनी माझं नाव घेतलं तसं सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. मी उठले. समोर पाहिलं तर पार टोकाला, दाराशी, हॉवर्ड हात बांधून उभा होता. त्याच्या मागच्या काचेत निळं काहीतरी दिसत होतं. खरोखर दिसत होतं की मला वाटत होतं, देव जाणे.

मी म्हणाले, "मी खैरवाडीची. आमच्या गावात एक छोटं मंदिर आहे. येशूचं."

बाईंनी भाषांतर केलं. हे ठरल्याप्रमाणे होतं.

"त्या मंदिरात महारवाड्यातले विश्वासणारे आत चटईवर बसायचे. आम्ही मांगवाड्यातले बाहेर ओट्यावर."

हे ठरलेलं नव्हतं. बाईंनी मान किंचित वळवली. मग इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या गावात दोन जातींचे ख्रिस्ती लोक होते. एक आत बसत, दुसरे बाहेर."

"गावानं दोघांनाही बाहेर ठेवलं होतं. तरीही आम्ही एकमेकांना आतबाहेर करत होतो. प्रभुभोजनाचा प्याला आत सगळ्यांनी एकच प्यायचा. आमच्यासाठी शेवटी वेगळं फुलपात्र यायचं."

बाई भाषांतर करत राहिल्या. त्यांचा आवाज सरळ होता.

"मी सात-आठ वर्षांची असेन. एका रविवारी बाई आल्या. त्यांनी ते फुलपात्र पाहिलं. हातातला प्याला खाली ठेवला, उठल्या, बाहेर आल्या आणि ओट्यावर माझ्या वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसल्या."

बाई म्हणाल्या, "एके दिवशी तिथं एक मिशनरी आली." आपलं नाव त्यांनी घेतलं नाही. पण लोकांना कळलं. पुढच्या बाकांवरच्या बायका बाईंकडे बघून हसल्या.

मी सांगत गेले. बाई त्यानंतर दर रविवारी ओट्यावरच बसल्या. उन्हाळा होता. आतले वडीलधारे रागावले, बाईंना म्हणाले, तुम्ही आमच्यात भांडणं लावता, आमच्या घरातलं तुम्हाला काय कळतं? काहींनी यायचं सोडलं. बाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, आत एकच प्याला असेल तर मी येते. शेवटी सुगी संपल्यावर एका रविवारी शिमोन कांबळे नावाचे म्हातारे आतून उठून आले, त्यांनी माझ्या वडिलांचा हात धरला आणि त्यांना आत नेलं. माझे वडील आत गेले खरे, पण सवय नव्हती, म्हणून कुठं बसायचं ते त्यांना कळेना.

एवढं झालं तेव्हा चर्चमध्ये एक मोठा, समाधानाचा सुस्कारा ऐकू आला. कुणीतरी डोळे पुसले. पाळक मान डोलावत होते. बाईंच्या ओठांवर घाम आला होता.

आणि मी म्हणाले, "आज या चर्चच्या पायरीवर तीन माणसं उभी आहेत. त्यांतल्या एक मिसेस पोल्क. आज त्या माझ्या वडिलांच्या जागी आहेत. त्यांना आत घ्या."

मी थांबले. बाई बोलल्या नाहीत.

"सांगा बाई."

"ह्ये नगं गं, रिबू," त्या हळूच म्हणाल्या. समोर मायक्रोफोन होता, त्यामुळे ते सगळ्या चर्चभर ऐकू गेलं. लोकांना वाटलं आमचं काहीतरी लाडिक चाललंय. ते हसले.

"सांगा."

"माज्यानं हुयाचं न्हाई."

"खैरवाडीत झालं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग लोकांकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा. माझं मराठी इथं अपुरं पडतंय."

पुन्हा हसू उमटलं, कौतुकाचं. एवढ्या वर्षांनी म्हातारी भाषा विसरणारच. मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या बाईला माझ्याहून जास्त म्हणी आणि माझ्याहून जास्त शिव्या येत होत्या, तिचं मराठी अपुरं पडत होतं.

"माझं इंग्रजी पुरेल," मी इंग्रजीत म्हणाले, आणि तेच वाक्य सांगितलं. हळू, शाळेत शिकवल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून.

पंखे थांबले. कुणी ओरडलं नाही. पाळक उठले, अगदी शांतपणे माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रार्थना सुरू झाली आणि संपेचना. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, देशाच्या राज्यकर्त्यांसाठी. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते. मी वेदीच्या पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेनं चालू लागले. दोन्ही बाजूंना वाकलेल्या माना होत्या. साडीचा आवाज होत होता, पण एकानंही डोळे उघडले नाहीत. दाराशी हॉवर्डचीही मान खाली होती. कडी मीच काढली.

पायरीवर कुणी नव्हतं.

नुसतं ऊन पडलं होतं. मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. झाडं, कापलेलं गवत, उभ्या केलेल्या गाड्या. मी ज्यांच्यासाठी बाहेर आले होते त्या निघून गेल्या होत्या, आणि आत परत जाणं शक्य नव्हतं. बस कुठून मिळते तेही मला माहीत नव्हतं, कारण मी हॉवर्डच्या गाडीतून आले होते. मी चालायला लागले. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी होती. आतल्या शिपायानं मला पाहिलं, टोपीला हात लावला आणि विचारलं, "वाट चुकलात का मॅडम?" त्यानं मला बसथांबा कुठं आहे ते इतक्या सौजन्यानं समजावून सांगितलं की मला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

सोमवारी दुपारी मी खालच्या वॉर्डात गेले तेव्हा मिसेस पोल्क चादरींच्या खोलीत घड्या घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं.

"तुम्ही कधी गेलात?" मी विचारलं.

"पोलिसांची गाडी आली तेव्हा. त्या मुलांची तुरुंगात जायची तयारी होती. मला आज ड्यूटी होती, म्हणून आम्ही निघालो."

"तुम्ही मुद्दाम काल आलात का? मी सांगितलं म्हणून?"

त्यांनी चादर झटकली. "ती मुलं त्यांच्या कामाला आली होती. मी तुझं बोलणं ऐकायला आले होते. तू बोलतेस कशी ते बघायचं होतं. इथं तू नुसती नाडी मोजतेस." मग जरा थांबून म्हणाल्या, "काय बोललीस?"

मी सगळं सांगितलं. खैरवाडी, ओटा, फुलपात्र. बाईंनी भाषांतर केलं नाही, तेही सांगितलं.

"आता तुझं शिक्षण बंद करतील," त्या म्हणाल्या.

"करतील कदाचित."

"मला आधी विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, गप्प राहा. शिकून घे आणि घरी जा."

"हो."

"पण तू विचारलं नाहीस." त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं आणि घडी पुरी केली.

बुधवारी मेट्रननं बोलावून सांगितलं की उन्हाळ्यानंतर चर्च माझा भार उचलणार नाही. त्याच संध्याकाळी बाई आमच्या नर्सेस हॉस्टेलवर आल्या. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक रेडिओ होता. बाई बसल्या, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"रागावलीस?"

रागावले होते. पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची मला सवय नव्हती. मी त्यांच्या घोंगडीवर झोपून मोठी झाले होते.

"खैरवाडीत मी लई धीट व्हते, न्हाई?" त्या म्हणाल्या. "समद्यास्नी तसंच वाटायचं. मलाबी. अगं, तितं मला काय हरवायचं व्हतं? शिमोन रागावला तर माजं काय जाणार? माजं जेवण हितनं यायचं. रागावलं गाव तर दुसऱ्या गावात गेले असते." त्यांनी काठी उचलली, परत ठेवली. "हितं माजी भैन पुरलीय. बाकावर शेजारी बसतात त्या समद्या माज्या शाळंतल्या. मी तोंड उगडलं की जीभ आत वळती."

"मग आम्हाला जे शिकवलंत ते?"

"ते खरंच व्हतं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "शिकवणारी कच्ची."

जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "तुजी ती मिसेस पोल्क कुटल्या चर्चला जाती?"

मी सांगितलं. का विचारलं, ते मला पुढच्या सोमवारी कळलं.

"तुझी म्हातारी आली होती," मिसेस पोल्क म्हणाल्या. आम्ही औषधांची ढकलगाडी घेऊन चाललो होतो. "काल. आमच्या चर्चमध्ये. एकटी, बसनं."

"मग?"

"मग काय? बसवली पुढे. पाणी दिलं. सगळा वेळ रडत होती. माझ्या आईला वाटलं हिच्या घरात कुणी गेलं." त्यांनी गाडी थांबवली. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या चिडल्या आहेत हे मला कळलं. "तिला सांग, ती चुकीच्या चर्चमध्ये आली. आमच्याकडे येऊन रडायला काय लागतं? आमच्याकडे कुणाला काही सांगायचं राहिलेलं नाही."

मी ते जसंच्या तसं बाईंना फोनवर सांगितलं.

"खरं हाय तिचं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आता तुम्ही पायरीवर बसणार? खैरवाडीसारखं?"

"भाईर बसाया मला येतंय, रिबू. ते झालंय करून. आत बसून बोलाया येत न्हाई." मग म्हणाल्या, "रविवारी तुमी दोगी तितं या. रस्त्यापल्याड हुबं राहा. तुमी भाईर हायसा म्हटल्यावर मला मागं फिरता यायचं न्हाई."

मिसेस पोल्क येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या आल्या. आम्ही समोरच्या फुटपाथवर एका झाडाखाली उभ्या राहिलो. पायरीवर ते दोन विद्यार्थी होते. उपासना सुरू झाली. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मिसेस पोल्क एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. कोपऱ्यावर पोलिसांची तीच गाडी आली आणि थांबली.

"तिच्या मनात आलं असेल आणि गेलं असेल," मिसेस पोल्क म्हणाल्या.

"थांबू या थोडं."

"मी थांबलेच आहे."

आणि दार उघडलं. हॉवर्डनं बाईंचा एक दंड धरला होता आणि दुसऱ्या एका गृहस्थानं दुसरा. बाईंची हॅट कलंडली होती. दोघंही त्यांना अगदी जपून, पायरी सांभाळून बाहेर आणत होते, आणि बाई बोलत होत्या. मोठ्यानं, न थांबता, खणखणीत. त्या मराठीत बोलत होत्या. आपण कुठल्या भाषेत बोलतोय याचं त्यांना भानच नव्हतं.

"हात सोड हावर्ड. मला म्हातारीला धरतूस व्हय? तुज्या आयनं तुला माज्या मांडीवर टाकला तवा तू गुवानं माखला व्हतास. म्या म्हटलं का, ह्याला भाईर ठेवा? म्हटलं का? पुसला, धुतला, उराशी धरला. आन् आज तू देवाच्या दारात हुबं ऱ्हाऊन मानसं निवडतूस?"

मिसेस पोल्कनी माझा हात धरला. "काय म्हणतायत?"

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

मिसेस पोल्कनी हातमोजा घातलेला हात तोंडावर ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी हात खाली घेतला.

"त्याला कळतंय का हे?"

"नाही."

"मग जा, सांग त्याला."

मी रस्ता ओलांडला. पोलिसाच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, तरी मी थांबले नाही. दोन विद्यार्थ्यांच्या मधून वर गेले आणि हॉवर्डसमोर उभी राहिले. बाई अजून बोलतच होत्या. मी इंग्रजीत सांगत गेले. गू हा शब्द आला तेव्हा जरा अडखळले, पण सांगितला. हॉवर्डच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मावशीकडे पाहिलं. बाई एकदम गप्प झाल्या, जणू कुणीतरी त्यांना आत्ताच सांगितलं की आपण कुठं आहोत.

"इंग्रजीतच सुरू केलं व्हतं गं," त्या मला म्हणाल्या. "यानं हात धरला आन् इंग्रजी गेलं."

हॉवर्डनं त्यांचा दंड सोडला. दुसऱ्या गृहस्थानंही सोडला. दार मागे उघडंच होतं आणि आतल्या पहिल्या काही बाकांवरचे लोक मागे वळून बघत होते. मी वाट पाहिली. थोड्या वेळानं हॉवर्ड आत गेला आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी कुणी आत गेलं नाही. बाईंना आम्ही दोघींनी मधे धरून बसथांब्यावर नेलं.

मी त्या सप्टेंबरात मिरजेला परत आले. शिक्षणाचं दुसरं वर्ष राहून गेलं ते राहूनच गेलं. पुढच्या वसंतात त्या चर्चमध्ये सभा झाली, बरेच लोक रागावून सोडून गेले, उरलेल्यांनी दार उघडलं. बाई त्या सभेत पुन्हा बोलल्याचं मी ऐकलं, या वेळी अखेरपर्यंत इंग्रजीत. हॉवर्ड त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. पण रोज सकाळी त्यांचा चहा करून टेबलावर ठेवायचा, आणि तो थंड होऊ नये म्हणून वर बशी झाकायचा. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो पहिला होता.

मिसेस पोल्क मला दर नाताळला कार्ड पाठवायच्या. दार उघडल्यावर तुम्ही गेलात का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी कळवलं की गेले होते, एकदाच. बाईंच्या शेजारी बसले होते. गाणी बरी होती. प्रवचन मात्र फार लांबलं, म्हणून परत गेले नाही.